निळ्याच्या घरचे तपकिरी

आमच्या दिवाणखान्यात एक मुष्टियोद्धा राहतो आणि दिवसाचा बहुतेक वेळ तो हीटरच्या मागे लपून बसलेला असतो. जॅक डेम्प्सी त्याचं नाव. 1919 ते 1926 अशी सात वर्षं हेवीवेटचं जगज्जेतेपद राखणाऱ्या अमेरिकन मुष्टियोद्ध्यावरून ते या माशाला पडलं, कारण दक्षिण मेक्सिकोपासून होंडुरासपर्यंतच्या संथ पाण्यातला, सिक्लिड नावाच्या कुळातला हा मासा म्हणजे पक्का भांडकुदळ. वीतभर वाढतो, खडे उपसतो, टाकीत नव्याने आलेल्याला पहिल्या तासातच त्याची जागा दाखवून देतो.

पण माझा डेम्प्सी निळा आहे. ‘इलेक्ट्रिक ब्लू’. दौतीतली शाई पाण्यात सांडावी आणि पसरायचं विसरून तिने पोहायला लागावं, तसा. आणि स्वभावाने इतका गरीब की समोर पडलेला पेलेटसुद्धा शेजारच्या गोगलगायीला विचारून खाईल.

हा माझा तिसरा. पहिला अकराव्या दिवशी गेला. चूक सर्वस्वी माझी. पाणी बदलायचं तर नळाचं पाणी आदल्या रात्री बादलीत भरून ठेवायचं, क्लोरीन उडू द्यायचं, हे मला तोंडपाठ होतं. पण त्या रविवारी पाहुणे येणार होते आणि टाकी चकचकीत दिसायला हवी होती. संध्याकाळी निळा आडवा. त्याच टाकीत, त्याच पाण्यात एक साधा तपकिरी डेम्प्सी होता. क्लोरीन त्याच्याही कल्ल्यांना झोंबलं असणारच. दुपारभर तो फिल्टरपाशी तोंड वर करून राहिला आणि आठ वाजता काचेवर धडका देऊन जेवण मागू लागला.

दुसरा कशाने गेला ते कळलंच नाही. रात्री होता, सकाळी नव्हता. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, निळ्याचं असंच असतं.” मुलीच्या वडिलांना जावयाबद्दल सांगतात, त्या सुरात.

असंच का असतं, हे मला बदलापूरच्या एका काकांनी समजावलं. रेल्वेतून निवृत्त झालेले, गच्चीवर वीसेक टाक्या मांडून बसलेले. माझी कैफियत ऐकून त्यांनी आधी विचारलं, “निळ्याला निळी आणून जोडी लावायचा विचार आहे का?” होताच. “करू नका. त्यांची पिल्लं जगत नाहीत.”

म्हणजे पंचाईत अशी. निळेपणाचं जनुक अप्रभावी. आईकडून एक आणि बापाकडून एक, असं दोन्हीकडून आलं तरच पिल्लू निळं होतं. पण आईबाप दोघंही निळे असले तर पिल्लं जवळपास सगळी मरतात, असा पाळणाऱ्यांचा अनुभव. म्हणून निळा हवा असेल तर त्याचं लग्न तपकिरी घराण्यात लावायचं. निळा आणि शुद्ध तपकिरी यांची पिल्लं दिसायला सगळी तपकिरी, पण एकूण एक वाहक, म्हणजे निळेपणाचं एकच जनुक अंगात लपवून पुढे नेणारी. असे दोन वाहक एकत्र आले तर चारात एक निळा. वाहक आणि निळा आले तर अर्धे. मेंडेलने 1866 साली वाटाण्यांवर लिहिलेला निबंध दहावीत मार्कांपुरता वाचला होता. तो बदलापूरच्या गच्चीवर, शेवाळाच्या वासात, असा पुन्हा भेटला.

घरी येऊन मी हे सगळं जेवताना सांगितलं. आमच्या सासूबाईंचे डोळे घारे. नवऱ्याचे काळेभोर, माझेही काळेच. आणि मुलीचे पुन्हा घारे. डोळ्यांचं गणित माशांइतकं सरळ नसतं हे मला ठाऊक आहे, पण संधी सोडवेना. “म्हणजे तू नुसता वाहक,” मी नवऱ्याला म्हटलं. तो वाटीतली आमटी संपवत म्हणाला, “पाणीही मीच वाहतो.” खरं आहे. रविवारच्या बादल्या आता त्याच्याकडे आहेत.

सासूबाई पेडण्याच्या. टाकी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तपकिरी डेम्प्सीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या होत्या, “हे तर आमचं कालुंदर.” आम्ही हसलो. त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. खाडीतलं कालुंदर सिक्लिडच. या कुळाच्या मूळ भारतीय जाती तीनच आणि त्यांतली ही एक. केरळात तिला करीमीन म्हणतात आणि 2010 पासून ती तिथला राज्यमासा आहे. सासूबाईंनी निळ्याकडे पाहून फक्त एवढंच विचारलं होतं, “हे खातात का?” नाही म्हटल्यावर त्यांचा त्याच्यातला रस संपला.

खरं तर निळ्यात निळं काहीच नाही. त्याच्या कातडीत ग्वानिनच्या स्फटिकांचे पातळ थर असतात आणि त्यांवरून परतणारा प्रकाश आपल्याला निळा दिसतो. पापलेटची चांदीही ग्वानिनचीच, फक्त थरांची मांडणी वेगळी. आणि ग्वानिन म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांतलं एक. मोरपिसाचंही तसंच, कुटलं तर हाताला निळी नव्हे, मळकट तपकिरी पूड लागेल. लहानपणी वहीत मोरपीस ठेवून, त्याला खाऊ म्हणून पेन्सिलीचा भुगा घालून, आम्ही पिल्लांची वाट पाहायचो. चाळिशीत तेच करते आहे. खाऊ तेवढा महाग झाला.

काकांनी मला जोडी दिली. दोन्ही तपकिरी, दोघांचेही बाप निळे, म्हणजे शंभर टक्के वाहक. “सख्खी भावंडं देत नाही,” ते म्हणाले. “नराची आई चेन्नईच्या मालातली, मादीची कोलकात्याच्या. एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या लग्नं लावली की नको ते सगळं दोन्हीकडून येतं.” निळ्यांचं निम्मं दुखणं तिथलंच असावं, असा त्यांचा कयास. रंग टिकवायचा म्हणून त्याच त्या घराण्यात सोयरीक होत राहते. हे मात्र सासूबाईंना फार आवडलं. “माशांचंही गोत्र बघतात, बरं आहे.”

मी हीटर 27 अंशांवर लावला. कोपऱ्यावरच्या देशी बदामाची लाल होऊन गळलेली पानं धुऊन टाकीत सोडली; पाणी कोऱ्या चहासारखं झालं आणि माशांना मानवलं. तीन आठवड्यांनी जोडीने एक सपाट दगड घासूनपुसून साफ केला आणि त्यावर शेकड्यांनी अंडी घातली. भांडकुदळ म्हणून बदनाम असलेला हा मासा आईबाप म्हणून इतका जागरूक की माझा हात दिसला तरी अंगावर येई. तिसऱ्या दिवशी अंडी फुटली. पिल्लं तोंडाने उचलून दोघांनी खड्यांत खणलेल्या खळग्यात नेली. आठवड्याने तो धुरळा पोहू लागला.

हिशेबाने चारात एक निळा. पण हिशेब पाळायला ते काही वाटाणे नव्हेत. फिकटसर, किरकोळ दिसणारी पिल्लं म्हणजे होऊ घातलेले निळे. ती हळू वाढतात आणि तोवर धट्टे झालेले तपकिरी भाऊ त्यांना खाऊन टाकतात. मुलगी रोज रात्री बॅटरी घेऊन बसायची आणि फिकट दिसलं की चहाच्या गाळणीने उचलून वेगळ्या डब्यात ठेवायची. अशी एकतीस उचलली. चार जगली.

तपकिरी मात्र शंभरावर उरले. चार फुटी टाकीत इतके डेम्प्सी म्हणजे वीस फुटी चाळीत इतकी बिऱ्हाडं. शेजारचे एक जण म्हणाले, “तलावात सोडून द्या, पुण्य लागेल.” मला उजनीची चिलापी आठवली. तीही सिक्लिडच, मूळची आफ्रिकेची. 1952 साली तिची एक जात मत्स्यशेतीसाठी भारतात आणली आणि आता चिलापी कुठल्या धरणात नाही ते शोधावं लागतं. नको ते पुण्य.

शेवटी पिशव्या भरून त्याच दुकानात गेले. “ताई, तपकिरी कोण घेणार? फुकट दिले तरी जागा अडवतात.” मी सांगितलं, यांतल्या दर तिघांत दोघे वाहक आहेत. “कुठले दोघे?”

ते कुणालाच सांगता येत नाही. पाहून तर नाहीच.

तो हसला आणि दहा-बारा ठेवून घ्यायला तयार झाला. मी मार्करने पिशवीवर लिहिलं, ‘निळ्याचे नातू’. त्याने ती पिशवी वरच्या तारेला अडकवली. शेजारच्या पिशवीत एक निळा होता, 900 रुपयांचा, कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेला. नातू मात्र प्लास्टिकला आतून धडका देत होते, जेवणाची वेळ झाली होती म्हणून.