ब्लूमचा जमाखर्च

जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ या कादंबरीचा विषय निघाला की बोलणे आधी तिच्या दुर्बोधतेवर जाते, आणि ती तक्रार अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. इंग्रजी गद्याच्या शतकानुशतकांच्या शैलींची एकामागून एक नक्कल करणारे चौदावे प्रकरण कसब म्हणून मला थक्क करते आणि वाचताना कंटाळाही आणते. तरीही १६ जून १९०४ या एका दिवशी डब्लिनभर हिंडणारा लिओपोल्ड ब्लूम, वर्तमानपत्रासाठी जाहिराती मिळवणारा हा मध्यमवयीन गृहस्थ, मला जवळचा वाटतो तो मुख्यतः सतराव्या प्रकरणामुळे.

हे सगळे प्रकरण कोरड्या प्रश्नोत्तरांत लिहिले आहे. मध्यरात्र उलटल्यावर ब्लूम कादंबरीतले दुसरे प्रमुख पात्र असलेल्या तरुण स्टीफनला घेऊन ७, एकल्स स्ट्रीट या आपल्या घरी येतो. किल्ली दुसऱ्या विजारीच्या खिशात राहिलेली असते, म्हणून तो कठडा ओलांडून खाली उतरतो आणि तळघरातून घरात शिरतो. सर्वसाधारण माणसाला तो कठडा असा ओलांडता येईल का, हे पॅरिसमध्ये लिहीत बसलेल्या जॉइसने डब्लिनच्या मामीला पत्राने विचारून घेतले होते. पुढे कोकोसाठी ब्लूम नळ सोडतो. पाणी आले का, असा प्रश्न येतो, आणि ‘हो’ म्हणून उत्तर थांबत नाही. विक्लोमधल्या राउंडवुड जलाशयापासून नळापर्यंतची शहराची सारी पाणीव्यवस्था त्यात वाहत येते.

त्यानंतर येतो दिवसाचा जमाखर्च. डुकराचे मूत्रपिंड ३ पेन्स, वर्तमानपत्र १ पेनी, दिवंगत डिग्नमच्या कुटुंबासाठी वर्गणी ५ शिलिंग, अगदी समुद्रपक्ष्यांना भरवलेल्या दोन केकचा १ पेनीसुद्धा त्यात आहे, आणि दोन्ही बाजू २ पौंड १९ शिलिंग ३ पेन्सवर तंतोतंत जुळतात. मात्र त्याच रात्री वेश्यागृहात दिलेले पैसे या हिशेबात कुठेच नाहीत. जे पुस्तक काहीच झाकत नाही म्हणून अमेरिकेत १९३३ पर्यंत अश्लील ठरले होते, त्याने आपल्या सर्वांत काटेकोर पानावर एक रक्कम गाळावी, हा मला त्यातल्या साऱ्या शैलीप्रयोगांहून मोठा प्रयोग वाटतो, कारण इथे लेखनाचा घाटच नायकाच्या वतीने खोटे बोलतो.

अंथरुणावर पडल्यावर, बायको मॉलीच्या त्या दुपारच्या परपुरुषसंगाबद्दल ब्लूमच्या मनात काय आले, याचेही उत्तर असेच क्रमवार यादीत मिळते: हेवा, मत्सर, त्याग आणि समभाव. दिवसभराची हकीकत तो मॉलीला सांगतो, तीही सोयीस्कर गाळून. पण शेवटच्या प्रकरणात मॉली बिनविरामचिन्हांचा विचार करू लागते तेव्हा नवरा कुठेतरी जाऊन आला आहे, बहुधा रात्रीच्या त्या बायकांकडेच, हा अंदाज ती सुरुवातीलाच बांधून मोकळी होते.