तुम्ही विचारलंत म्हणून: सॉफ्टवेअर एक, मग पुस्तिका तीन कशाला?

देवगड-रत्नागिरीकडच्या आंबा सोसायट्या आणि पॅकिंग शेडसाठी हिशोबाच्या सॉफ्टवेअरची पुस्तिका दुरुस्त करायला घेतली, की हा प्रश्न हटकून येतो. "एकच जाडजूड करा ना, ज्याला जे हवं ते तो शोधेल." तो शोधत नाही, फोन करतो. आणि एप्रिलात गाडी भरायची असताना फोन उचलायला कुणी मोकळं नसतं.

वाचक तीन. बागायतदार मोबाइलवर दोनच गोष्टी बघतो: पेट्या वाशीच्या घाऊक बाजारात पोचल्या का, आणि पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याकडून येणारा विक्रीचा हिशोब, किती आली. कारकून दिवसभर पेट्या, डझन, भाडं, हमाली, उचल नोंदवत असतो. तिसरा संगणकवाला, त्याला बॅकअप, प्रिंटर आणि तारखेचा फॉरमॅट हवा. ही विभागणी शिक्षणावरून करू नये. एमएस्सी झालेल्या बागायतदारालाही पट्टी बघताना डेटाबेसची रचना नको असते. त्या क्षणी हातात कोणतं काम आहे, यावरून वाचक ठरतो.

उदाहरण वर्षअखेरीचं घेऊ. 31 मार्च येतो तो नेमका हंगामात. 28 मार्चला गेलेल्या पेट्यांची पट्टी 4 एप्रिलला येते. अशा वेळी जुन्या पुस्तिकेत वाक्य सापडतं: 'वर्ष बंद करण्यापूर्वी प्रलंबित व्यवहारांबाबत यथोचित दक्षता घ्यावी.' तिघांपैकी एकालाही याचा उपयोग नाही. बागायतदाराला एवढंच पुरे: 'मार्चच्या पेट्यांची पट्टी एप्रिलात आली तर ती नव्या वर्षाच्या यादीत पाहा.' कारकुनाला पायऱ्या हव्यात: आधी बॅकअप, मग पट्टी न आलेल्या पेट्यांची यादी छापणं, ती पुढच्या वर्षात ओढणं, आणि मगच 'वर्ष बंद'. संगणकवाल्याला सांगायचं ते वेगळंच: वर्ष पाठवणीच्या तारखेवरून ठरतं की पट्टीच्या, आणि ती तारीख कोणत्या रकान्यात साठते.

संपादन सुरू करताना जुनी पुस्तिका छापून घ्यावी आणि रंगीत पेन्सिली घ्याव्यात. करायची कृती एका रंगात, नुसती माहिती दुसऱ्या, कारणं तिसऱ्या. ज्या परिच्छेदात दोन रंग पडले तो कापायचा. डॅनिएल प्रोसिडा यांची 'डायटॅक्सिस' ही तांत्रिक पुस्तिकांच्या मांडणीची चौकट लिखाणाच्या चार जाती मानते: शिकवणी, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण. गावातल्या पेढीसाठी चार वेगळे विभाग क्वचितच लागतात, पण एका परिच्छेदात दोन जाती मिसळू नयेत, एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं.

कृती लिहिताना अट आधी, क्रिया नंतर. 'रेंज नसेल तर आधी ऑफलाइन नोंद करा' हे पायरीच्या सुरुवातीला हवं; शेवटी लिहिलं तर तोवर बटण दाबून झालेलं असतं. सावधगिरीचंही तसंच. प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर काय दिसायला हवं तेही लिहावं, नाहीतर चुकलं कुठे हे कळत नाही. बटणाचं नाव पडद्यावर असेल तेच. 'हिरवं बटण' म्हणू नये. पुस्तिका काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापली जाते.

तीन पुस्तिका म्हणजे तीनदा लिहिणं नव्हे. वर्षअखेरीचा नियम एकाच फाइलमध्ये ठेवावा आणि तिन्ही पुस्तिकांत ओढून घ्यावा. आस्कीडॉक या साध्या मजकुरातून पुस्तिका बनवायच्या पद्धतीत इन्क्लूड (दुसरी फाइल आत ओढणं) आणि इफडेफ (अट लावून मजकूर दाखवणं) आहेत ते यासाठीच. मात्र इंग्रजी पुस्तिकांत चालणारी एक युक्ती मराठीत अंगाशी येते. वाक्याच्या मधोमध शब्द बदलता ठेवला, एका वाचकासाठी 'पट्टी' आणि दुसऱ्यासाठी 'बिल', की 'ती तपासा'चं 'ते तपासा' व्हायला हवं, ते होत नाही. 'खातं' टाकून पुढे 'त' जोडला तर 'खातंत' छापून येतं. म्हणून अट वाक्यात घालू नये, अख्ख्या परिच्छेदावर घालावी. दोन ओळी जास्त झाल्या तरी चालतील.

शोधण्याची गोष्ट वेगळीच त्रासाची. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली पुस्तिका छापील छान दिसते, पण पीडीएफमध्ये 'हमाली' टाकून शोधलं तर काही सापडत नाही. युनिकोडमध्येही 'उताऱ्यात'मधला ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो; डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधयंत्राला निराळे. त्यामुळे सगळ्या फाइलींत एकच पद्धत सक्तीची करावी. एरर मेसेज शब्दशः द्यावा, कारण लोक तोच टाइप करतात. त्याचा फक्त स्क्रीनशॉट लावला तर तो शोधता येत नाही, आणि वाडीवरच्या रेंजमध्ये लवकर उघडतही नाही.

शेवटची तपासणी माणसाकडून. सॉफ्टवेअर न पाहिलेला नवा कारकून बसवावा, पुस्तिका द्यावी आणि स्वतः तोंड बंद ठेवावं. हेच कठीण जातं. बोट जिथे थांबेल तिथे खूण करावी. वेगवेगळी माणसं एकाच पायरीवर अडू लागली तर बहुधा वाक्याचा दोष नसतो, बटणच भलत्या जागी असतं. तिथे पुस्तिकेत पानभर समजावत बसू नये. सॉफ्टवेअर करणाऱ्यांना कळवावं, आणि ते दुरुस्त होईपर्यंत त्या पायरीआधी एक ठळक ओळ टाकावी.