तुम्ही विचारलंत म्हणून: चार्जरचा टप का कापला?

"चांगल्या गाडीचा टप का कापलात?" ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांच्या ड्रीम क्रूझला गाडी उभी केली की हे विचारतात, गणपतीत मंडळाच्या पार्किंगमध्ये विचारतात, आणि कोल्हापूरहून मामा फोनवर विचारतो. प्रत्येकाचा सूर वेगळा. जुन्या गाड्यांवर जीव टाकणाऱ्या अमेरिकन माणसाच्या आवाजात राग असतो. १९६९ ची डॉज चार्जर आणि तिला करवत लावली, हे त्याला सहन होत नाही. आपली मंडळी हिशोब मांडतात, की एवढ्या पैशात शोरूममधून नवी मस्टँग कन्व्हर्टिबल, म्हणजे घडीच्या टपाची गाडी, आली असती. सगळ्यांत लागतं ते ऑफिसातल्यांचं, कारण ते मला ओळखतात. माझी उभी नोकरी गाडीचा टप चेपला जाऊ नये या कामात गेली. "तू? तूच कापलास?" असं ते म्हणतात आणि पुढे काही बोलत नाहीत.

आजवर ज्याला जे पटेल तेवढंच सांगत आलो. आता एकदाच सगळं सांगतो.

आधी त्या "चांगल्या" शब्दाचं बघू. माझ्या गाडीचा कारखान्याने पट्टीवर कोरलेला नंबर एक्सपी२९एफ९बी असा सुरू होतो. एक्सपी म्हणजे चार्जर, २९ म्हणजे पक्क्या टपाची दोन दारांची बॉडी, एफ म्हणजे ३१८ घनइंचाचं इंजिन, ९ म्हणजे १९६९, आणि बी म्हणजे हॅमट्रॅम्कचा कारखाना, जो केव्हाच पाडून झाला. हेमी आणि ४४० ही मोठी, दमदार इंजिनं, आर/टी हे जोरदार मॉडेल. माझी यातली एकही नव्हती. बाजारात जिला कुणी वळून बघणार नाही अशी साधी चार्जर. टपावर कारखान्यातूनच व्हिनाइल चढवलेलं होतं. व्हिनाइल दिसायला छान, पण त्याच्या कडेने पाणी आत शिरलं की बाहेर पडत नाही. व्हिनाइल सोलून काढलं तेव्हा खालचा पत्रा चाळणी झालेला होता. मागच्या काचेची खाच तर हाताने मोडत होती. चार्जरची मागची काच दोन उतरत्या खांबांच्या मध्ये खोल बसवलेली असते. पाणी साचायला तीच जागा, आणि सडते तीही तीच.

एवढं सांगितलं की बरेच जण गप्प होतात. पण हे उत्तर मलाच पुरत नाही. टपाचा नवा पत्रा विकत मिळतो. काचेच्या खाचेचे तुकडेही मिळतात. मनात असतं तर ती गाडी पुन्हा जशीच्या तशी उभी राहिली असती. गंज हे निमित्त होतं. टप कापायचं मी त्याच्या आधीच ठरवलं होतं.

दुसरा आरोप खोटेपणाचा, म्हणजे दुर्मीळ कन्व्हर्टिबलची नक्कल केल्याचा. तो मी मान्य करत नाही, कुठेही करणार नाही. चॅलेंजर आणि बाराकुडा १९७० आणि १९७१ मध्ये कारखान्यातूनच उघड्या टपाच्या मिळत होत्या, अगदी थोड्या. त्यातली १९७१ ची हेमी इंजिनाची कुडा (बाराकुडाच) कन्व्हर्टिबल २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. अशा गाडीची नक्कल करायला कुणी साध्या कुडाचा टप कापला तर ती फसवणूक आहे, आणि तसे लोक आहेत. पण डॉजची मूळ कंपनी क्रायस्लर, तिच्या नंबरात कन्व्हर्टिबलचा आकडा २७, आणि माझ्यासारख्या दुसऱ्या पिढीच्या चार्जरवर तो आकडा कधी पडलाच नाही. उघडी गाडी हवी असणाऱ्याला डॉज आपली कोरोनेट द्यायची. कारखान्याने जी केलीच नाही तिची नक्कल कशी होणार? माझ्या गाडीच्या पट्टीवर २९ आहे, २९ च राहील. कुणी विचारायच्या आधी मी ते दाखवतो.

मग का? मामाचं म्हणणं, "दसरा चौकात छत्रपतींची उघडी मेबॅक गाडी बघत वाढलास, तिथंच हे डोक्यात शिरलं." तसं काही नाही. त्या वयात माझं सगळं लक्ष सोनं लुटण्याकडे असायचं. उद्यमनगरात काकांच्या शेडमध्ये पत्रा वाकवणारे मिस्त्री बघितले, ते मात्र डोक्यात राहिलं. पत्र्याला बाक दिला की तो ताठ होतो, हे पुस्तकात वाचायच्या आधी मला हाताने माहीत होतं. पुढे तेच शिकलो, तीच नोकरी केली. फक्त नोकरीत पत्रा कॉम्प्युटरवर वाकायचा. संपूर्ण गाडीचा भार एका जागेवरून काढून दुसऱ्या जागेवर न्यायचा आणि ती उभी राहते का बघायचं, हे मला एकदा स्वतःच्या हाताने करायचं होतं. दुसरं कारण सांगायला मी इतकी वर्षं लाजत होतो: मला ती तशी सुंदर दिसते. दारामागे बॉडी जी फुगत वर येते, ती रेघ टपाखाली दबून जाते असं मला पहिल्यापासून वाटायचं. ते उतरते खांब हाच चार्जरचा चेहरा, असं म्हणणारे चुकीचे नाहीत. मला वेगळं दिसतं, एवढंच.

चार्जरला वेगळी चेसिस नसते. पुढची इंजिनची रेल, म्हणजे लांबीचा पोकळ तुळईसारखा भाग, सीटखालच्या आडव्या क्रॉसमेंबरपाशी संपते, मागची रेल मागच्या सीटपासून सुरू होते, आणि मधला सगळा भार फरशी, दाराखालचे रॉकर आणि टप मिळून वाहतात. काडेपेटीचं बाहेरचं कव्हर काढा आणि आतला ट्रे पिळून बघा, म्हणजे टप काय करतो ते कळेल. क्रायस्लरलाही ते ठाऊक होतं. कोरोनेट कन्व्हर्टिबलला आतले रॉकर जाड होते, रेल आणि रॉकर जोडणारे टॉर्क बॉक्स होते. म्हणून मी आधी सडलेली एक कोरोनेट ५०० कन्व्हर्टिबल आणली. तिची वरची काचेची पट्टी, टपाचा सांगाडा, हायड्रॉलिक पंप आणि ते टॉर्क बॉक्स मला हवे होते.

ज्या दिवसाबद्दल मी कधी नीट बोललो नाही तो आता सांगतो.

कापायच्या आधी जे करायचं ते सगळं केलं होतं. पुढची-मागची रेल जोडणाऱ्या चौकोनी नळ्या फरशीखाली वेल्ड केल्या. दोन्ही दारांच्या चौकटीत नळीचे आडवे टेकू, आत फुलीसारखा आधार, गाडी स्टँडवर लेव्हलमध्ये. दोन्ही रॉकर हातोडीने ठोकून पाहिले. आवाज भरीव आला. माझा शेजारी पत्रा दाबायचे साचे बनवणाऱ्या डाय शॉपमधून निवृत्त झालेला माणूस, आयुष्य मापं घेण्यात गेलेलं. त्यानेही ठोकून मान डोलावली. मग आम्ही कापलं. पुढच्या काचेच्या पट्टीमागे एक काप, मागच्या खांबांवर दोन, आणि टप उचलून बाहेर गवतावर ठेवला. मापं घेतली, काही हललं नव्हतं.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार बसवून फट बघायची होती, म्हणून त्या बाजूचा टेकू सोडवला. करकर असा आवाज आला. मोठा नाही, बूट वाजावा एवढाच. शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. दार लावलं तर मागच्या कडेला वरची फट दिसेना. पाच मिलिमीटरची पट्टी मी त्या फटीत घालून बघायचो, ती खाली सहज जात होती आणि वर कोपऱ्यात अडकत होती. गाडी मधून वाकली होती. दार उघडायला गेलो तर कोपरा मागच्या पत्र्यावर घासला आणि रंगाचा पापुद्रा माझ्या बोटावर आला.

टेकू परत लावला आणि रॉकरचा बाहेरचा पत्रा ग्राइंडरने उघडला. आत पिवळा फोम भरलेला होता, ओला, कुजकट वासाचा. कित्येक वर्षांपूर्वी कुठल्याशा गॅरेजने सडलेला आतला रॉकर तसाच ठेवून, पोकळीत फोम मारून, वर नवा पत्रा चढवला होता. वेल्ड घासून गुळगुळीत केले, खालून डांबर फासलं, आणि पुट्टी अशी मारली होती की रेघ सरळ दिसावी. हातोडीला भरीव आवाज आला तो त्या फोमचा. टप होता तोवर त्याने हे सगळं लपवलं. ज्याने ते केलं त्याने कुणाच्या तरी हातात अशी गाडी दिली, बहुधा तिच्या मागच्या सीटवर मुलं बसली असतील. त्याच्याबद्दल माझ्या मनात आजही राग आहे, आणि तो मी आवरत नाही.

त्या हिवाळ्यात काम बंद पडलं. एक जण येऊन ग्रिल, दिवे, पुढचे मडगार्ड बघून गेला आणि सुट्या भागांची किंमत सांगून गेला. किंमत चांगली होती. बायकोने सल्ला दिला नाही. तिने एवढंच विचारलं, "ही उभी राहील का, ते सांग." मी "राहील" म्हणालो. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. आकडेमोड नंतर केली.

मग दोन्ही रॉकर मुळापासून कापून काढले, उजवा चांगला होता तरी. आत दोन मिलिमीटरचा पत्रा, त्यात आडवे पडदे, दोन्ही टोकांना कोरोनेटचे टॉर्क बॉक्स. दाराच्या चौकटीत टर्नबकल (फिरवून ताण देणारे स्क्रू) लावून ती पाच मिलिमीटरची पट्टी फटीत वरपासून खालपर्यंत सारखी जाईपर्यंत चौकट ताणली आणि मग थोडं थोडं वेल्ड केलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मध्ये गार होऊ देत. मागच्या खांबांच्या जागी टपाची घडी बसेल असा पत्रा इंग्लिश व्हीलवर, म्हणजे पत्र्याला बाक देणाऱ्या चाकांच्या यंत्रावर, हाताने काढला. आज पुढच्या एका चाकाखाली जॅक लावून कोपरा उचलला तरी दार उघडतं आणि मिटतं. विचारणाऱ्याला मी ते करून दाखवतो.

इथवर सांगताना मला धीर असतो. पुढचं अवघड आहे.

टपाच्या ताकदीचा अमेरिकन नियम १९७३ मध्ये लागू झाला. गाडीच्या वजनाच्या दीडपट भार टपाने पेलायचा, आणि २००९ मध्ये तो वजनाच्या तिप्पट करायचं ठरलं. कन्व्हर्टिबलला हा नियम लागू नाही. नव्याने आलेल्या मुलांना मी सांगायचो, की ही सूट म्हणजे पळवाट आहे. गाडी उलटली तर आतल्या माणसाचं डोकं सूट बघत नाही. ते माझे शब्द आहेत, आणि ते मी परत घेत नाही. १९६९ च्या चार्जरलाही तो नियम नव्हता, गाडी नियमाच्या आधीची, असं म्हणता येईल. मी म्हणून पाहिलंय. पण त्यावर तेव्हाचा मी लगेच विचारतो, की पत्र्याला साल कळतं का? गाडी ताठ केली हे खरं. ती उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारं वरचं काही मी परत आणू शकलो नाही, हेही खरं.

बेल्टचंही तसंच. १९६९ मध्ये खांद्यावरचा बेल्ट टपाच्या कडेला लटकलेला असायचा. टप गेला, बेल्टची जागाही गेली. त्या काळच्या कन्व्हर्टिबल फक्त कमरेच्या बेल्टवर चालायच्या, नियमाने तशी परवानगी होती. मला ते चाललं नसतं. मी क्रायस्लर सेब्रिंग कन्व्हर्टिबलच्या सीट बसवल्या, ज्यांच्यात खांद्याचा बेल्ट सीटच्याच पाठीतून येतो. मग तो सगळा ओढा सीटच्या पायांवर येतो, म्हणून खालच्या फरशीला वेगळा क्रॉसमेंबर दिला. जुन्या गाड्यांच्या जाणकारांना त्या सीट डोळ्यांत खुपतात. खुपू देत.

मागची सीट मी बसवलीच नाही. मुलगी आता गाडी चालवते आणि तिला मैत्रिणींना घेऊन वुडवर्डवर जायचंय. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, तुला चालतं तर मला का नाही?" माझ्या वयाचं, माझ्या जोखमीचं काहीतरी सांगितलं. तिला पटलं नाही, आणि पटायला हवं होतं असं मलाही म्हणता येत नाही.

सीटमागे नळीचा हूप, म्हणजे गाडी उलटली तर भार पेलणारी कमान, बसवावा, थेट नव्या रॉकरवर उतरणारा, असं बायकोचं म्हणणं आहे. आराखडा माझ्याकडे तयार आहे आणि त्यात खोट काढता येत नाही. हूप आला की जिच्यासाठी टप कापला ती रेघ मधोमध तुटते. माझ्याच ऑफिसातल्या कुणी हा वाद घातला असता तर मी एका वाक्यात निकाल दिला असता, हूप बसव. घरी तो देववत नाही. या हिवाळ्यात काय ते ठरवायचंय, आणि मुलीने सांगून ठेवलंय, की हूप बसला की मागची सीटही बसवायची.