घडीची सायकल आणि आमचा जिना

शनिवार, रात्री

विजेवर चालणारी घडीची सायकल आज घरी आली. किंमत ३५ हजारांच्या आत. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या चौकात सगळ्यांच्या स्कूटर अंगाला अंग लावून उभ्या असतात, तिथे आणखी एका वाहनाला जागा नाही, आणि आम्ही राहतो पहिल्या मजल्यावर. त्यामुळे घडीचीच हवी होती. दुकानात बाकीचे लोक वेग विचारत होते, एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाते ते विचारत होते. मी आधी उचलून पाहिली. आमच्यासारख्या जुन्या गावभागातल्या माणसाने तेच आधी पाहावं, असं माझं ठाम मत आहे.

वजन १९ किलो. बॅटरी काढली की दोनेक किलो कमी होतात आणि उभ्या लाकडी जिन्यावर तेवढंही जाणवतं. बॅटरी फ्रेमच्या पोकळ नळीत बसते. घडी केली की नळीचं तोंड उघडतं, मग किल्ली फिरवून ती बाहेर ओढायची. क्रम आपोआप ठरला: घडी, बॅटरी खांद्यावरच्या पिशवीत, सायकल डाव्या हातात, कारण उजवा हात कठड्याला हवा.

चौकात पहिल्यांदा घडी केली तेव्हा समोरच्या बेन ओरडल्याच, "आ तो आखी वळी गई!" (ही तर सगळीच दुमडली!) मग त्यांच्या नातवासाठी पुन्हा एकदा.

अप्पा प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. नोकरीभर सायकलनेच गेले. त्यांनी बाकी काही न पाहता मधल्या बिजागरावरून अंगठा फिरवला, खटका उघडला, लावला, मग पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलवून पाहिलं. "सांधा ढिला नाही," म्हणाले. "पण निघताना खटका दोनदा बघायचा. एकदा डोळ्यांनी, एकदा हाताने." घडीच्या सायकलीत सगळा भार या सांध्यावर आणि हँडलच्या खालच्या सांध्यावर येतो. स्वस्त सायकलीत पैसे कुठे वाचवले आहेत हे शोधायचं तर तिथूनच सुरुवात करावी.

रविवार

पहाटे रस्ते मोकळे. रावपुऱ्यातून काळा घोड्यापर्यंत, तिथून कमाटीबाग, परत.

मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात आहे. ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत ओग्डेन बोल्टन यांना मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलचं पेटंट १८९५ च्या ३१ डिसेंबरला मिळालं. त्या वेळी बडोद्याच्या गादीवर सयाजीराव महाराज होते. इतकी जुनी युक्ती सामान्य माणसाच्या खिशाला परवडेपर्यंत एवढा काळ जावा, याचं मला वाईट वाटतं.

पायडलच्या आसाजवळ छोटी लोहचुंबकं बसवलेली एक चकती असते. पाय फिरतोय एवढंच तिला कळतं, किती जोर लावलाय ते कळत नाही. त्यामुळे पहिल्या अर्ध्या फेरीत काहीच होत नाही आणि मग मोटर एकदम ढकलते. पाय थांबवले तरी क्षणभर ढकलतच राहते. ब्रेकचा दांडा जरा दाबला की मोटर बंद, म्हणून बोटं कायम ब्रेकवर. मोकळ्या रस्त्यावर हे ढकलणं सुखाचं वाटतं, पण गर्दीत तेच सांभाळावं लागतं. मांडवीकडे जाताना मी मोटरची मदत शून्यावर आणतो आणि साधी सायकल म्हणून चालवतो. खरं तर हे दुकानदाराने सांगायला हवं, आणि नवशिक्याला आधी मैदानात चालवायला द्यायला हवी.

चाकं २० इंची. खड्डा मोठ्या चाकाच्या सायकलीपेक्षा जास्त बसतो, हे मान्य करायला हवं. त्यातला फायदा असा की चाक लहान असल्यामुळे त्याच मोटरचा जोर जमिनीवर जास्त उमटतो, आणि चढावर ते कळतं.

मंगळवार

आज ऑफिसला. अकोटा पुलाचा चढ मी साध्या सायकलने चढायचो तेव्हा अलकापुरीत पोचेपर्यंत शर्ट अंगाला चिकटलेला असायचा. आज पुलावरच्या सौर पॅनलांच्या सावलीतून बसल्या जागी चढलो आणि कोरडा पोचलो. मे महिन्यात बडोद्यात याची किंमत काय ते इथल्या माणसालाच कळेल.

ऑफिसात वॉचमन परवाना विचारत होता. लागत नाही. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोंच्या आत असेल तर कायद्याने ते मोटार वाहन धरत नाहीत, म्हणून नंबर प्लेटही नाही. हेल्मेट मी घालतोच.

अंतराचा हिशेबही त्याला मांडून दाखवला. बॅटरी ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे २८० वॅट-तास. पायांची साथ असेल तर किलोमीटरला साधारण १० वॅट-तास जातात, म्हणजे २५-२८ किलोमीटर. नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पायडल न मारता, त्याहून बरंच कमी. खोक्यावर मोठे आकडे छापलेले असतात, त्यापेक्षा हा गुणाकार स्वतः करावा. वीज एका चार्जिंगला युनिटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी.

शुक्रवार

बायकोने एकच अट घातली आहे: रात्री सगळे झोपलेले असताना चार्जिंग नाही, आणि जिन्याजवळ तर कधीच नाही. तिचं अगदी बरोबर आहे. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर पाण्याच्या बादलीने भागत नाही, आणि आमच्या वाड्याला बाहेर पडायला तो एकच लाकडी जिना. म्हणून मागच्या फरशीच्या गच्चीत, सावलीत, सोबत आलेल्याच चार्जरने, कुणीतरी जागं असताना. उन्हातून आल्यावर आधी बॅटरी थंड होऊ द्यायची.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला मागचं चाक दाखवून ठेवलं. मोटरच्या वायरमुळे चाक काढणं कटकटीचं, पण त्याची गरजच नाही, टायर एका बाजूने उचलून ट्यूब ओढली की पंक्चर काढता येतं. तो लगेच हो म्हणाला, शिवाय महिन्याभराने आरे ताणून घ्यायला ये म्हणाला. माझ्या मते हा होकार कंपनीच्या वॉरंटीइतकाच मोलाचा.

संध्याकाळी अप्पांना पोलो ग्राउंडवर नेलं. मधली नळी खाली असल्यामुळे पाय फार उचलावा लागत नाही. गुडघ्यांमुळे त्यांची सायकल सुटून बरीच वर्षं झाली. पहिल्या फेरीला मी मोटर बंदच ठेवली, सीटला हात लावून शेजारून चालत राहिलो. मग सर्वात कमी मदतीवर. ढकलल्यावर ते जरा दचकले, लगेच ब्रेक दाबला, आणि पुन्हा निघाले ते मैदानाच्या पार टोकाला. मी धावत गेलो तर म्हणाले, "तू थांब रे तिथेच, मी वळतो." वळले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी फार दिवसांनी पाहिला. घरी येताना मला विचारत होते, खंडेराव मार्केटपर्यंत सकाळी सातच्या आत गर्दी किती असते.

उद्या दुकानात जाऊन दुसऱ्या बॅटरीची किंमत आणि ती किती वर्षं मिळत राहील, हे लेखी घ्यायचं आहे. आणि पावसात मोटर किती पाण्यापर्यंत सुरक्षित, तेही. तसं अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, पाणी भरलं की मी त्यात उतरणार नाहीच, पुलावरूनच जाईन.