पातळ निळी कड

अवकाशातून घेतलेले पृथ्वीचे छायाचित्र आता इतके सरावाचे झाले आहे की ते पाहून मनात काही हलत नाही. पाठ्यपुस्तकाचे मुखपृष्ठ, विम्याची जाहिरात, मोबाइलचा पडदा, बातम्यांच्या कार्यक्रमाची सुरुवात, कुठेही तो निळा-पांढरा गोळा गरगरत असतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून येणारे थेट चित्रण संगणकाच्या एका कोपऱ्यात लावून ठेवण्याची मला सवय आहे, आणि खरे सांगायचे तर त्यात बहुतेक वेळ ढग आणि समुद्र यांपलीकडे काही दिसत नाही. स्थानकाची एक प्रदक्षिणा सुमारे ९० मिनिटांत पुरी होते आणि त्यातला एक तृतीयांशाहून अधिक वेळ अंधारात जातो. उरलेल्या वेळात एखादा ओळखीचा किनारा दिसेल म्हणून टक लावून बसावे, तर नेमके ढग आडवे येतात आणि ते सरेपर्यंत तो किनारा कधीच मागे पडलेला असतो, कारण स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने धावत असते. तरीही मी ती चौकट बंद करत नाही. क्षितिजावर एक पातळ निळी कड दिसत राहते. माझे लक्ष असते ते तिच्याकडे.

अवकाशातून पृथ्वी पाहिली की माणसाची दृष्टी बदलते, असे म्हणतात. फ्रँक व्हाइट या लेखकाने १९८७ मध्ये या अनुभवाला ‘ओव्हरव्ह्यू इफेक्ट’ असे नाव दिले आणि तेव्हापासून अंतराळवीरांच्या मुलाखतींत तो विषय हटकून निघतो. या बोलण्यात तथ्य आहे, याविषयी मला शंका नाही. मात्र नेमके काय पाहून दृष्टी बदलते, याचे जे उत्तर सर्रास दिले जाते ते मला पटत नाही.

मुळात पृथ्वी पाहावी म्हणून कोणी वर गेलेच नव्हते. अवकाशाच्या उंबरठ्यावरून पृथ्वीचे पहिले छायाचित्र २४ ऑक्टोबर १९४६ रोजी निघाले, तेही एका शस्त्राच्या कृपेने. महायुद्धात जर्मनीने शहरांवर डागली त्या व्ही-२ जातीचे एक क्षेपणास्त्र अमेरिकेने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून सरळ वर उडवले आणि त्यातला कॅमेरा दर दीड सेकंदाला एक चित्र टिपत सुमारे १०५ किलोमीटर उंचीपर्यंत गेला. खाली कोसळताना कॅमेऱ्याचा चक्काचूर झाला. पोलादी डबीतली फिल्म तेवढी शाबूत राहिली. तिच्यावर ढगांचे करडे पुंजके, किंचित वाकलेले क्षितिज आणि त्याच्यावर काळेभोर आकाश उमटले होते.

१९६८ च्या डिसेंबरमध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या अपोलो ८ ची गोष्टही फारशी वेगळी नाही. फ्रँक बोरमन, जिम लोवेल आणि बिल अँडर्स या तिघांच्या वेळापत्रकात चंद्राची छायाचित्रे होती, पुढे माणसे उतरवायच्या जागांची पाहणी होती; मागे वळून घराकडे पाहण्याला त्यात फारसे स्थान नव्हते. पहिल्या तीन प्रदक्षिणांत यानाची दिशाच अशी होती की त्यांना पृथ्वी उगवताना दिसली नाही. चौथ्या प्रदक्षिणेत, २४ डिसेंबरला, यान स्वतःभोवती वळवले जात असताना अँडर्सना खिडकीतून ती चंद्राच्या कडेमागून वर येताना दिसली. रंगीत फिल्मसाठी जी धांदल उडाली ती ध्वनिमुद्रणात आजही ऐकता येते, आणि त्या धांदलीतून जे छायाचित्र हाती आले ते पुढे जगभर गाजले. एवढ्या लांब चंद्राचा शोध घ्यायला गेलो आणि शोध लागला तो पृथ्वीचा, अशा अर्थाचे उद्गार अँडर्सनी नंतर काढले.

या छायाचित्राबाबतची एक बारीकशी गोष्ट मला फार बोलकी वाटते. अँडर्सच्या मूळ चौकटीत चंद्राची कड उभी, उजव्या हाताला आहे आणि पृथ्वी तिच्या बाजूला आहे. आपण ते चित्र फिरवून घेतले, जमीन खाली आणि पृथ्वी वर अशी मांडणी केली, म्हणजे ते सूर्योदयासारखे दिसू लागले. ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ मधून सुमारे २९,००० किलोमीटरवरून टिपलेल्या पूर्ण पृथ्वीचेही तेच झाले. मूळ चित्रात दक्षिण ध्रुव वरच्या बाजूला आहे; छापताना आपण उत्तर वर करून घेतली. दृष्टी पालटून टाकणारी म्हणून ज्या दोन चित्रांची ख्याती आहे, तीच आधी आपल्या सवयीप्रमाणे सरळ करून घेतली गेली आणि मग भिंतीवर लागली.

आता त्या सर्रास दिल्या जाणाऱ्या उत्तराकडे वळतो. वरून देशांच्या सीमा दिसत नाहीत, म्हणून माणसे उदार होतात, असे सांगितले जाते. १९८५ च्या जूनमध्ये डिस्कव्हरी यानातून गेलेले सौदी राजपुत्र सुलतान बिन सलमान यांनी याचे सुरेख वर्णन केले आहे. पहिले एक-दोन दिवस प्रत्येक जण आपापल्या देशाकडे बोट दाखवत होता, मग खंडांकडे, आणि पाचव्या दिवसापर्यंत सर्वांना एकच पृथ्वी दिसू लागली. हा अनुभव खोटा म्हणता येणार नाही. सर्गेई क्रिकालेव्ह १९९१ च्या मे महिन्यात सोव्हिएत संघातून मीर स्थानकावर गेले आणि १९९२ च्या मार्चमध्ये परतले तेव्हा तो देश उरलाच नव्हता. वरून पाहताना मात्र खालच्या डोंगर-नद्यांत तसूभरही फरक पडला नव्हता.

पण रात्री पाहा. चीनची भिंत अवकाशातून दिसते असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. २००३ मध्ये चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनी आपल्याला ती दिसली नसल्याचे सांगितले. दगडाची भिंत दिसत नाही, दिव्यांची मात्र स्पष्ट दिसते. भारत आणि पाकिस्तान यांच्या सीमेवरील प्रखर दिव्यांची नारिंगी रेघ २०११ मध्ये स्थानकावरून टिपलेल्या छायाचित्रात वळणावळणांसह उमटली आहे. दोन्ही कोरियांच्या चित्रात दक्षिणेकडे लखलखाट आहे आणि उत्तरेकडे इतका काळोख की तिथे समुद्र असावा असे वाटते. आणि सीमा न दिसल्या तरी माणूस त्या बरोबर घेऊन जातो. २०२२ च्या जुलैमध्ये स्थानकावरच्या तीन रशियन अंतराळवीरांनी युक्रेनच्या ताबा घेतलेल्या भागांतील झेंडे हाती धरून छायाचित्रे काढून घेतली होती. खिडकीबाहेरची पृथ्वी त्यांच्याही नजरेसमोर रोज होतीच.

म्हणून माझे लक्ष पुन्हा त्या निळ्या कडेकडे जाते. टेबलावर ठेवायचा तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल समोर घ्यावा. त्याच्यापासून अवकाश स्थानक किती दूर असेल? जेमतेम नऊ-दहा मिलिमीटर. चंद्र नऊ मीटरवर, म्हणजे बहुधा शेजारच्या खोलीत. स्थानकावरून पूर्ण गोल दिसतच नाही. तो पाहायला लांब जावे लागते, आणि १९६८ ते १९७२ या काळात अपोलोच्या २४ जणांना ते भाग्य लाभले. लोवेलनी हात लांब करून अंगठा धरला तेव्हा सगळी पृथ्वी त्याच्याआड झाकली गेली. आता हवा पाहा. वातावरणाच्या वजनाचा तीन चतुर्थांश भाग खालच्या अकरा किलोमीटरमध्ये सामावलेला आहे आणि आपल्या गोलावर त्याची जाडी पाव मिलिमीटर भरते. गोलावर चिकटवलेला नकाशाचा कागद साधारण तेवढाच असतो. खालून ज्याला आपण अथांग आकाश म्हणतो, ते कडेने पाहिले की एवढेच उरते. देशांच्या रेघा न दिसण्यात काहीतरी नसल्याचे समाधान आहे. इथे मात्र जे आहे तेच किती थोडे आहे, हे समोर दिसते. २०२१ मध्ये नव्वदीचे अभिनेते विल्यम शॅटनर दहा मिनिटांच्या उड्डाणावर गेले आणि परतल्यावर त्यांनी आपल्याला आनंदापेक्षा दुःखच अधिक झाल्याचे लिहिले. वरचा काळोख त्यांना मृत्यूसारखा वाटला होता. दिवसरात्र एकतेचे गोडवे गाणाऱ्या वर्णनांपेक्षा मला हे अधिक विश्वासार्ह वाटते.

या पापुद्र्याचे काही बिघडले तर ते वरूनच आधी दिसेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात ओझोनचा ऱ्हास १९८५ मध्ये जाहीर केला तो अंटार्क्टिकाच्या बर्फावर उभे राहून, वर्षानुवर्षे उपकरण आकाशाकडे रोखून मोजमापे घेणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी. उपग्रहाकडेही तेच आकडे होते, पण ते इतके कमी होते की शंकास्पद म्हणून बाजूला पडले होते. वरचा सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाखाली गोळा केला तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. त्याला पडलेल्या छिद्राचे नकाशे मग उपग्रहांनी काढले, ते जगभर छापले गेले आणि दोन वर्षांत, १९८७ मध्ये, ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांना आवर घालणारा माँट्रियलचा करार झाला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सर्व सदस्य देशांनी तो स्वीकारला, आणि ज्यांच्या सीमेवर रात्रभर दिवे जळतात तेही त्यात आले.