फॉइलमध्ये गुंडाळलेल्या बाटल्या

सोमवारी सकाळी क्रोमॅटोग्राम, म्हणजे औषधातले घटक वेगवेगळे दाखवणारे आलेख, उघडले आणि नजर थेट त्या पीकवर, आलेखातल्या त्या उंचवट्यावर गेली. सिप्रोफ्लॉक्सॅसिन (सिप्रो) या प्रतिजैविकाच्या मुख्य पीकच्या आधी एक बारीक, टोकदार पीक. उजेडात ठेवलेल्या बाटल्यांमध्ये तो येणार हे माहीतच होतं. पण तो डार्क कंट्रोलमध्येही, म्हणजे उजेडापासून झाकलेल्या बाटल्यांमध्येही, आला होता.

वाळूजमधल्या एका औषध कंपनीच्या स्टॅबिलिटी विभागात मी काम करते. शिरेतून द्यायच्या सिप्रोच्या 100 मिलीच्या बाटल्यांची फोटोस्टॅबिलिटी, म्हणजे उजेडात औषध किती टिकतं याची चाचणी, चालू होती. औषधांचे नियम ठरवणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू1बी नियमानुसार सॅम्पलवर किमान 12 लाख लक्स-तास दृश्य प्रकाश आणि दर चौरस मीटरला 200 वॉट-तास अतिनील प्रकाश पडावा लागतो. आमच्या चेंबरमध्ये 10 हजार लक्स असतात, म्हणजे 120 तास, पूर्ण पाच दिवस. शेजारी क्विनाइनच्या द्रावणाची अँप्यूल ठेवतो. उजेड खाऊन ती पिवळसर होत जाते आणि 400 नॅनोमीटरला मोजली की अतिनील प्रकाश पुरेसा पडला का ते कळतं. डार्क कंट्रोल म्हणजे त्याच चेंबरमध्ये, तेवढीच ऊब सोसत, पण ॲल्युमिनियम फॉइलमध्ये पक्क्या गुंडाळलेल्या बाटल्या. उजेडाने काय केलं आणि उष्णतेने काय केलं, हे त्यांच्यामुळेच वेगळं काढता येतं.

आता त्याच बिघडलेल्या दिसत होत्या.

वरून निरोप आला, "चेंबर तापलं असेल, तसं लिहून टाका." मला ते पटलं नाही. तो पीक ओळखीचा होता. सिप्रोच्या रेणूतलं पिपरॅझिनचं कडं तुटून दोन कार्बन निघून गेले की जो पदार्थ उरतो, तो हा. युरोपियन फार्माकोपिया या औषधांच्या प्रमाणग्रंथात तो 'इम्प्युरिटी सी' म्हणून नोंदलेला आहे, आणि उजेडाची ही ठरलेली खूण आहे. शिवाय टेम्परेचर लॉगरची रेघ पाचही दिवस सरळ होती. 'उष्णता' लिहून टाकली असती, तर उजेडाच्या माथी मारायचं नुकसान उष्णतेच्या खात्यात गेलं असतं आणि बाटलीवरच्या बाहेरच्या आवरणाची गरज नाही असा निष्कर्ष निघाला असता. मग ती बाटली एखाद्या वॉर्डात, खिडकीशेजारच्या स्टँडला उघडी लटकली असती. खाली झोपलेल्या माणसाला जंतुसंसर्गाशी झुंजायला औषध पूर्ण मिळायला हवं. या एका गोष्टीवर मी तडजोड करत नाही.

तिन्ही डार्क बाटल्यांचे क्रोमॅटोग्राम एकमेकांवर ठेवून पाहिले. पहिल्या बाटलीचा पीक सगळ्यांत मोठा, दुसरीचा त्याहून लहान, तिसरीचा जेमतेम. तिन्ही एकाच कप्प्यात, एकाच फॉइलच्या गुंडाळीत होत्या. चेंबरमध्ये काही घडलं असतं तर तिघींत सारखंच दिसलं असतं. एकेका व्हायलमधून, म्हणजे मशीनला लावायच्या छोट्या कुपीतून, मशीनमध्ये तीन-तीन इंजेक्शनं सोडली होती, त्यांत मात्र पीक तेवढाच. म्हणजे मशीनमध्ये काही मोडत नव्हतं. जे झालं ते त्याआधी, आणि सॅम्पल ज्या क्रमाने बनवले त्याच क्रमाने.

सॅम्पल आमच्या ट्रेनी मुलाने बनवले होते. त्याला बाजूला बोलावून विचारलं, "पहिला फ्लास्क भरल्यापासून व्हायल मशीनला लागेपर्यंत काय काय केलंस, सगळं सांग."

तो घाबरला होता, पण काहीही लपवलं नाही. "मॅडम, तपकिरी अंबर काचेचे फ्लास्क सगळे धुवायला गेले होते, म्हणून साधे घेतले. टेबलावर जागा नव्हती, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. तिसरा भरून झाला आणि लगेच व्हायल भरल्या."

आमची खिडकी पूर्वेला आहे, म्हणजे पहिला फ्लास्क उन्हात सगळ्यांत जास्त वेळ राहिला होता. साधी काच अतिनील प्रकाशातला यूव्ही-ए हा भाग बराचसा आत सोडते आणि सिप्रो नेमका तोच शोषतो. बाटलीत मिलीला 2 मिलीग्रॅम औषध असतं, आम्ही ते पाण्याने शंभरपट पातळ करतो. दाट द्रावणात वरचा थर आतल्या रेणूंना सावली देतो, पातळ द्रावणात ती सावलीही उरत नाही. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती: बाटलीतलं द्रावण आम्लधर्मी असतं आणि आम्लात हा रेणू उजेडापुढे बराच तग धरतो. आम्ही नुसतं पाणी घालून ते संरक्षणही काढून घेत होतो. पद्धत माझ्याच सहीने गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याच कट्ट्यावर ताज्या द्रावणाचे तीन फ्लास्क मांडले: साध्या काचेत पाण्यातलं, साध्या काचेत आम्लातलं, अंबर काचेत पाण्यातलं. मार्चचं ऊन तिरकं आत येत होतं. दर पंधरा मिनिटांनी एकेक इंजेक्शन. पहिल्या फ्लास्कचे क्रोमॅटोग्राम एकावर एक रचत गेलो तसा तो बारीक पीक पायरी-पायरीने वर चढत होता आणि मुख्य पीक खाली येत होता. फ्लास्कमधलं पाणी मात्र तसंच नितळ. डोळ्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. आम्लातल्या फ्लास्कमध्ये बदल अगदी सावकाश, अंबरमध्ये जवळजवळ नाहीच.

डेव्हिएशनमध्ये, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं घडलं त्याच्या नोंदीत, मी घडलं तसंच लिहिलं. त्या मुलाने खरं सांगितल्यामुळे कारण सापडलं, हेही लिहिलं. त्यावर थोडी कुरबुर झाली, पण ते वाक्य मी काढू दिलं नाही. पद्धतीत पातळ करायला पाण्याऐवजी आम्लधर्मी द्रावण आलं, अंबर काच सक्तीची झाली, खिडकीला यूव्ही अडवणारी पिवळी फिल्म लागली.

शुक्रवारी फॉइलमधल्या त्याच तीन बाटल्यांतून पुन्हा सॅम्पल बनवले, त्याच मुलाच्या हातून. पहिला क्रोमॅटोग्राम पडद्यावर सरकत आला आणि तो खुर्चीवरून पुढे झुकला.

"मॅडम, इथे काहीच नाही."

मुख्य पीकच्या आधी आलेखाची बेसलाइन सपाट होती.