तुतीच्या सालीचा कागद : खेप तिसरी

मागच्या दोन्ही खेपांचा लगदा शेवटी कुंडीत गेला. चूक मिक्सरची. त्यात तंतू सुटत नाहीत, तुटतात. यावेळी हट्टाने धोपाटणंच घेतलं.

मावसभावाकडे रेशीमकिड्यांसाठी तुती आहे. छाटणीच्या अडीच किलो फांद्या वाफवून सोलल्या, वरची काळी साल खरवडली. वाळल्यावर आतली पांढरी साल भरली जेमतेम ८५ ग्रॅम! (चिनी कारागिरांची कागदी तुती वेगळी, पण घराणं एकच.) १७ ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तीन तास उकळली. चिमटीत आडवी ओढल्यावर साल सहज फाकली की झालं. मग धुऊन पाटावर दीड तास बडवली. खालच्या मजल्यावरून दोनदा विचारणा झाली.

इसवी सन १०५ मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने चीनच्या हान सम्राटापुढे कागद ठेवला, तो झाडाची साल, भांगेच्या झाडाचे तंतू, चिंध्या आणि जुनी मासेमारीची जाळी यांचा. कागद त्याआधीही होता. गान्सू प्रांतात फांगमातानच्या थडग्यात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, नकाशाच्या रेघा असलेला तुकडा सापडला आहे. पण लिहायला वापरायच्या बांबूच्या पट्ट्या जड आणि रेशीम महाग असताना टाकाऊ मालातून कागद काढायची रीत बसवणं, मला तरी हेच मोठं काम वाटतं.

आता भेंडी. लगदा पाण्यात टाकला की तंतू तळाशी बसतात आणि पान एकीकडे जाड, एकीकडे भोक पडलेलं येतं. पूर्वेकडचे कारागीर त्यासाठी वनस्पतींचा बुळबुळीत रस पाण्यात घालतात. जपानी लोक ज्या झुडपाची मुळं वापरतात ते भेंडीच्याच कुळातलं. म्हणून सहा भेंड्या चिरून रात्रभर भिजवल्या आणि ते पाणी गाळून टबात ओतलं. तंतू अक्षरशः तरंगत राहिले! बारीक काड्यांच्या चिकाच्या पडद्याचा तुकडा, त्यावर मलमल, अशा चाळणीवर सकाळी अकरा पानं उतरली. दुपारी उन्हाने पाण्याची तार गेली आणि बारावं पान गोळा झालं. हे काम पहाटेचं.

ओली पानं खिडकीच्या काचेवर ब्रशने चिकटवून वाळवली. मऊ, पिवळसर, फाडताना कडेला केस निघणारी.

कुंचल्याने लिहिलं तर झकास. बोरू टेकवला आणि शाई फुटली, टोकाला तंतूही अडकले. हे बघितल्यावर कागदाच्या प्रवासाचं एक कोडं मला उलगडलं. चीनमध्ये लेखणी म्हणजे मऊ कुंचला, तिथे असा कागद चालतो. आठव्या शतकात तो समरकंद-बगदादकडे गेला. तिथे बोरू होता, म्हणून खळ लावून घोटणं, म्हणजे घासून गुळगुळीत करणं आलं. पुढे इटलीत फाब्रियानोच्या कारागिरांनी खळीऐवजी जनावरांच्या कातड्याचा सरस लावला, पिसाच्या टोकदार लेखणीला तो मानवला. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातही हातकागद झाला तो याच वाटेने आलेल्या विद्येवर.

एक पान तांदळाची खळ लावून वाळत ठेवलंय. घोटायला अकीकाचा गुळगुळीत दगड नाही, आजीच्या डब्यातली मोठी कवडी आहे. उद्या सकाळी त्यावर पुन्हा बोरू.